तापाचा पेशंट आणि मेलिऑयडोसिस: निदान कसं होतं, कुठं चुकतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मलेरिया निगेटिव्ह, डेंगी निगेटिव्ह, टायफॉईडचं काही निघालं नाही, दोन अँटिबायोटिक देऊन झाली आणि ताप तसाच. अशा पेशंटच्या घरच्यांना आणि वॉर्डात नव्याने लागलेल्या ज्युनिअर डॉक्टरांना जे प्रश्न पडतात ते इथं एकत्र केलेत. मी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते त्यामुळं उत्तरांमध्ये लॅबची बाजू जास्त येईल. हे वाचून घरच्या घरी निदान करू नका, पण डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय विचारायचं ते नक्की कळेल.

मेलिऑयडोसिस म्हणजे नक्की काय?

बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय नावाच्या बॅक्टेरियामुळं होणारं इन्फेक्शन. हा बॅक्टेरिया ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो, आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून, श्वासावाटे किंवा दूषित पाणी पोटात जाऊन शरीरात शिरतो. पावसाळ्यात केसेस वाढतात, आणि जोराच्या वादळी पावसानंतर तर थेट न्यूमोनिया घेऊनच पेशंट येतात. ईशान्य थायलंड आणि उत्तर ऑस्ट्रेलिया इथं याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय, पण दक्षिण आशियातही तो आहे, भारतातसुद्धा.

1911 मध्ये रंगूनमध्ये (आजचं म्यानमारमधलं यांगून) अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी हे डॉक्टर पोस्टमॉर्टेम करत असताना त्यांना फुफ्फुसात आणि इतर अवयवांत गळवं असलेल्या केसेस दिसल्या. दिसायला ग्लँडर्ससारखं, म्हणजे घोड्यांपासून माणसाला होणारा रोग, पण या लोकांचा घोड्यांशी काही संबंध नव्हता. त्यांनी पू घेऊन कल्चर लावलं, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघितले, आणि उगवलेला जंतू ग्लँडर्सच्या जंतूपेक्षा वेगळा वागतोय हे टिपून ठेवलं. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली, निदान आजही जवळपास तसंच होतं: कोणाला तरी काहीतरी जुळत नाही असं वाटावं लागतं आणि मग कल्चर लावावं लागतं.

दुर्मिळच आहे ना, मग एवढी चिंता कशाला?

दुर्मिळ आहे की सापडत नाही, हा खरा प्रश्न आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे 1,65,000 लोकांना हा आजार होतो आणि त्यातले सुमारे 89,000 दगावतात. प्रत्यक्षात नोंद होणाऱ्या केसेस याच्या जवळपासही नाहीत. बाकीचे पेशंट कुठल्या नावाखाली जातात? 'सेप्सिस', 'न्यूमोनिया', 'टीबी असावा' अशाच नावांखाली. वेळेत निदान झालं आणि चांगलं आयसीयू मिळालं तर काय होतं ते उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये दिसतं, तिथं 1989 पासून प्रत्येक केसची नोंद ठेवली जाते आणि मृत्यूचं प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास आलंय. जिथं या सोयी अपुऱ्या आहेत तिथं हेच प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत जातं. जंतू तोच आहे.

कुठल्या पेशंटमध्ये ही शंका यायला हवी?

सगळ्यात पहिलं, डायबेटिस. शुगर कंट्रोलमध्ये नसलेला, पावसाळ्यात चिखलात किंवा मातीत काम करणारा माणूस ताप आणि न्यूमोनिया घेऊन आला की डोक्यात घंटा वाजली पाहिजे. त्यानंतर जास्त दारू पिणारे, किडनीचा जुना आजार असलेले, फुफ्फुसाचा जुना आजार असलेले, थॅलसेमियाचे पेशंट, बरेच दिवस स्टिरॉईड घेणारे. एचआयव्हीमुळं याचा धोका फारसा वाढल्याचं दिसत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

बऱ्याचदा पेशंटला आपल्याला डायबेटिस आहे हेच माहीत नसतं आणि तापासाठी ॲडमिट झाल्यावर शुगर चारशे निघते. अशा वेळी सगळं लक्ष शुगर खाली आणण्यावर जातं, आणि मुळात शुगर एवढी वाढल्यावर हा ताप कुठून आला हे विचारायचं राहून जातं. घरच्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगा, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी: माणूस काय काम करतो, गेल्या महिन्यात मातीत, चिखलात, पुराच्या पाण्यात गेला होता का, पायाला जखम झाली होती का, आणि आधी कुठं राहत होता. ही चार वाक्यं कधीकधी चार टेस्टपेक्षा जास्त कामाची ठरतात.

धडधाकट माणसाला आणि लहान मुलांनाही होतो, त्यामुळं रिस्क फॅक्टर नाही म्हणून यादीतून खोडून टाकू नका.

लक्षणं कशी असतात?

ठरावीक अशी नसतातच, तीच तर अडचण आहे. साधारण निम्म्या पेशंटना न्यूमोनिया असतो. काहींना नुसता ताप आणि बीपी पडलेलं, काहींना सांधा सुजलेला, काहींना कातडीवर एक न भरणारी जखम आणि बाकी काहीच नाही. लिव्हर आणि स्प्लीनमध्ये (प्लीहेत) गळवं होतात, आणि दोन्हीकडे एकाच वेळी अनेक छोटी गळवं दिसली तर शंका बळावते. पुरुषांमध्ये प्रोस्टेटमध्ये गळू होतं, लघवी अडते किंवा जळजळते आणि साधं लघवीचं इन्फेक्शन समजून सोडून दिलं जातं. थायलंडमध्ये लहान मुलांना कानाखालची लाळग्रंथी सुजून तिच्यात पू होतो, एकाच बाजूला, आणि बघणाऱ्याला आधी गालगुंडच वाटतं. क्वचित मेंदूतही जातो.

आणि टीबी. महिना दोन महिने बारीक ताप, वजन उतरलेलं, खोकला, एक्सरेत फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग किंवा पोकळी, असं चित्र दिसलं की टीबी म्हणणं साहजिक आहे आणि बहुतेक वेळा तो टीबीच असतो. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, जीन टेस्ट निगेटिव्ह आहे, टीबीची औषधं नीट चालू असूनही पेशंट खालावतोय, तर त्याच थुंकीचं बॅक्टेरियाचं कल्चर एकदा लावून बघायला काय हरकत आहे? नुसत्या एक्सरेवर सुरू केलेलं टीबीचं औषध महिनोन् महिने चालू ठेवून आत मेलिऑयडोसिस वाढत राहणं, हा प्रकार जिथं जिथं हा आजार आहे तिथं तिथं घडलेला आहे.

इन्फेक्शन झाल्यावर किती दिवसांनी ताप येतो?

बहुतेकांना 1 ते 21 दिवसांत, सरासरी चार दिवसांच्या आसपास. पण हा जंतू शरीरात गप्प बसून राहू शकतो आणि वर्षांनी उठू शकतो, दुसऱ्या महायुद्धात आशियात कैदेत असलेल्या एका अमेरिकन सैनिकाला तब्बल 62 वर्षांनी आजार झाल्याची नोंद आहे. इतकी लांबलेली केस फार विरळा, पण 'मी तर त्या भागात दहा वर्षांपूर्वी होतो' हे सांगण्यासारखं आहे एवढं नक्की.

यासाठी नेमकी टेस्ट कुठली?

कल्चर. आजही खात्रीचा मार्ग तोच. आणि फक्त रक्ताचं कल्चर नाही, मिळेल तिथलं सगळं पाठवा: रक्त, लघवी, थुंकी, घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना), गुदद्वाराचा स्वॅब, जखम असेल तर तिचा स्वॅब, गळू असेल तर सुईने काढलेला पू. पेशंटला न्यूमोनिया असला तरी लघवी पाठवा, गळू असलं तरी घसा पाठवा, कारण हा जंतू एका ठिकाणी सापडत नाही तेव्हा दुसऱ्या ठिकाणी सापडतो. तो निरोगी माणसाच्या अंगावर सहज राहणारा जंतू नाही, त्यामुळं ताप असलेल्या माणसात कुठल्याही एका सॅम्पलमध्ये उगवला तरी निदान झालं असं धरायचं.

पण एक कल्चर सगळं पकडत नाही. थायलंडच्या अभ्यासातून कल्चरची पकड साधारण 60 टक्के निघाली, म्हणजे दहा खऱ्या पेशंटपैकी चार पहिल्या फेरीत निसटू शकतात. शंका दाट असेल तर पुन्हा पाठवायचं, न कंटाळता.

अँटिबायोटिक आधीच चालू झालंय, आता कल्चरचा उपयोग आहे का?

आहे. आधी घेतलं असतं तर जास्त चांगलं झालं असतं, आणि पेशंट आला की सलाईन लावतानाच ब्लड कल्चरच्या बाटल्या भरून घ्यायची सवय असली तर हा प्रश्नच येत नाही. पण नेहमी दिली जाणारी बरीच औषधं या जंतूवर चालतच नाहीत, पेनिसिलिन, जेंटामायसिन, ॲझिथ्रोमायसिन वगैरे घेऊनही तो जिवंत असतो. त्यामुळं दोन दिवस इंजेक्शन झालीत म्हणून कल्चर रद्द करू नका, फक्त फॉर्मवर कुठलं औषध कधीपासून चालू आहे ते लिहा.

लॅबमध्ये हा जंतू निसटतो कसा?

याचं उत्तर जरा लांब आहे कारण माझ्या मते सगळ्यात जास्त निदानं इथंच हुकतात.

ब्लड कल्चरची बाटली मशीनमध्ये साधारण एक-दोन दिवसांत पॉझिटिव्ह होते. स्लाईड करून बघितली की ग्राम निगेटिव्ह (ग्रामच्या रंगाने गुलाबी दिसणाऱ्या) बारीक काड्या दिसतात, कधी दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिकट, सेफ्टी पिनसारख्या. हे इतर जंतूंमध्येही दिसतं त्यामुळं त्यावरून ठरवता येत नाही. प्लेटवर दुसऱ्या दिवशी अगदी लहान, गुळगुळीत, क्रीम रंगाच्या वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, येतात, त्यांच्यात खास असं काहीच नसतं. सुरकुत्या पडलेल्या, कोरड्या, वरून किंचित धातूसारखी चमक असलेल्या ज्या वसाहती पुस्तकात फोटोमध्ये असतात त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतात, आणि तोपर्यंत रोजच्या कामात प्लेट टाकूनही दिलेली असते. मग रिपोर्टवर काय जातं? 'स्यूडोमोनास स्पीशीज', किंवा त्याहून वाईट म्हणजे 'बहुधा कंटॅमिनेशन, पुन्हा सॅम्पल पाठवा', म्हणजे सॅम्पलमध्ये बाहेरून जंतू मिसळलाय असं.

मशीनवर ओळख करायला दिलं तरी फसगत होते. काही ऑटोमेटेड सिस्टीम याला बर्कहोल्डेरिया सेपेशिया म्हणतात, आणि माल्डी-टॉफच्या (जंतूतल्या प्रोटीनवरून त्याची ओळख सांगणारं मशीन) डेटाबेसमध्ये हा जंतू नसेल तर ते त्याच्या निरुपद्रवी भावाचं, बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिसचं नाव सांगतं. घरून तापाने आलेल्या पेशंटच्या रक्तात यापैकी कुठलंही नाव आलं तर तिथंच थांबून विचार करायचा.

यावर एक साधा उपाय आहे जो कुठल्याही छोट्या लॅबला जमतो. ऑक्सिडेज (एक साधी रंग बदलायची टेस्ट) पॉझिटिव्ह ग्राम निगेटिव्ह जंतू असेल तर प्लेटवर तीन डिस्क, म्हणजे औषध भिजवलेल्या कागदाच्या चकत्या, ठेवा: जेंटामायसिन, कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन, आणि को-ॲमॉक्सिक्लॅव. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन डिस्कच्या अगदी काठापर्यंत जंतू उगवलेला आणि तिसरीभोवती मात्र स्वच्छ मोकळी गोल जागा, असं दिसलं तर हा मेलिऑयडोसिसचा जंतू असण्याची शक्यता फार मोठी आहे. नेहमीचा स्यूडोमोनास एरुजिनोसा बरोबर उलटा वागतो, तो को-ॲमॉक्सिक्लॅवला दाद देत नाही आणि कोलिस्टिनला सहसा मरतो. अपवाद आहेत, मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला मरणारे प्रकारही सापडलेत, पण शंका घ्यायला या तीन डिस्क पुरेशा आहेत. नंतर लॅटेक्स टेस्ट (जंतू ओळखायची झटपट टेस्ट) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून, किंवा मोठ्या लॅबला पाठवून पक्कं करता येतं.

थुंकी, घसा, जखम अशा ठिकाणी इतर जंतूंची गर्दी असते म्हणून तिथं ॲशडाउन मीडियम, म्हणजे या जंतूसाठी खास बनवलेली प्लेट, वापरतात. त्यात जेंटामायसिन घातलेलं असल्यामुळं बाकीची गर्दी मरते आणि हा उरतो, जांभळट रंगाच्या सुरकुतलेल्या वसाहती करून. प्लेट आठवडाभर ठेवून बघायची.

पण हे सगळं कधी होणार, तर लॅबला कोणीतरी सांगितलं तर. फॉर्मवर 'ताप, ? कारण' एवढंच लिहून आलेली बाटली आणि 'डायबेटिस, चिखलात काम, लिव्हर-स्प्लीनमध्ये गळवं, मेलिऑयडोसिसची शंका' असं लिहून आलेली बाटली, या दोन्हींना मिळणारी वागणूक वेगळी असते. दुसरी बाटली आली की आम्ही प्लेट फेकत नाही, डिस्क लावतो, वॉर्डला फोन करतो. ज्युनिअर डॉक्टरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, शंका आली की लॅबला फोन करा, एक मिनिट लागतं. शिवाय आमच्या सुरक्षेसाठीही ते लागतं. या जंतूची वाढ उघड्या टेबलावर हाताळायची नसते, सेफ्टी कॅबिनेटमध्येच हाताळायची, आणि प्लेटचा वास तर कधीच घ्यायचा नाही.

रक्ताची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, म्हणजे नक्की हाच आजार का?

नाही. जिथं हा जंतू मातीत आहे तिथल्या कित्येक धडधाकट लोकांच्या रक्तात अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिनं) असतात. आणि उलटंही होतं, गंभीर आजारी पेशंटमध्ये सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह येते. एकट्या अँटिबॉडीवर तीन महिन्यांचं औषध सुरू करू नये असं मला वाटतं, आणि एकट्या अँटिबॉडीवर आजार नाकारू तर अजिबातच नये.

मग पीसीआर करून टाकलं तर?

पू किंवा थुंकीवर चांगला चालतो, लवकर उत्तर मिळतं. रक्तावर मात्र कमी पडतो कारण रक्तात जंतूंची संख्या फार कमी असते, कित्येकदा एक मिलिलिटरमध्ये एखादाच. म्हणून रक्तासाठी कल्चरची बाटली, तीही नीट पूर्ण भरलेली.

खोकलाच आहे, तर पोटाची सोनोग्राफी किंवा सीटी कशाला सांगितलीय?

कारण पोटात दुखत नसतानाही गळवं असू शकतात. निदान झालेल्या मोठ्या माणसांमध्ये पोट आणि पुरुषांमध्ये प्रोस्टेटसुद्धा स्कॅन करून बघतात. याचे दोन फायदे, एक म्हणजे पू काढून कल्चर करता येतं, आणि दुसरं म्हणजे इंजेक्शन किती आठवडे द्यायची ते त्यावर ठरतं. प्रोस्टेटमधलं मोठं गळू काढावं लागतं, नुसत्या औषधाने सहसा भागत नाही.

कल्चर निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर याचंच औषध देतायत, बरोबर आहे का?

असू शकतं. वर म्हटलं तसं, पहिल्या फेरीत बरेच निसटतात. पेशंट खालावत असेल, रिस्क फॅक्टर आणि स्कॅन जुळत असतील तर औषध सुरू ठेवून कल्चर पुन्हा पुन्हा पाठवणं हे शहाणपणाचंच आहे. तुम्ही एवढंच विचारा की कुठकुठली सॅम्पल गेली आणि लॅबला शंका कळवली आहे का.

औषध कुठलं देतात? रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का?

पेशंट गंभीर असेल तर थांबायचं नाही. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, शिरेतून, कमीत कमी 10 ते 14 दिवस, आणि खोल गळवं, हाड किंवा मेंदू असेल तर आणखी कितीतरी आठवडे. सेफ्टाझिडीममुळं गंभीर पेशंटमधला मृत्यूदर 74 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आला हे 1989 साली थायलंडच्या अभ्यासात दिसलं, म्हणजे योग्य औषधाने नेमका निम्मा झाला. सेफ्ट्रिॲक्सोन हे त्याचंच भावंड असलं तरी या आजारात त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत, आणि तापाच्या पेशंटला सहसा तेच चालू असतं, म्हणून निदान लवकर व्हायला हवं.

निदान झालं, औषध बरोबर आहे, तरी पाचव्या दिवशी ताप आहेच. निदान चुकलं का?

बहुधा नाही. या आजारात बरोबर औषध चालू असतानाही ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात, मोठी गळवं असतील तर त्याहून जास्त. इथं घाई करून औषध बदललं जातं किंवा घरचे पेशंटला दुसरीकडे हलवतात आणि तिथं सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बीपी, ऑक्सिजन, भूक सुधारतेय का ते बघा. ताप टिकून आहे आणि पेशंट खालावतोय असं असेल तर मात्र कुठं तुंबलेला पू राहिलाय का ते शोधायचं आणि कल्चर परत करायचं.

इंजेक्शन संपली, बरं वाटतंय, तरी तीन महिने गोळ्या?

हो, पूर्ण. बहुतेकांना को-ट्रायमॉक्झॅझोल देतात, किमान तीन महिने, हाड किंवा मेंदूत असेल तर सहा. यात सल्फा असतं, त्यामुळं आधी सल्फाची ॲलर्जी झाली असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. अंगावर पुरळ आलं तर गोळी स्वतःहून बंद करून गप्प बसू नका, लगेच फोन करा, दुसरी औषधं आहेत. मधेमधे किडनी, पोटॅशियम आणि रक्तपेशी तपासायला बोलावतात, ते चुकवू नका.

घरातल्या बाकीच्यांना होईल का?

माणसाकडून माणसाला लागण अत्यंत विरळा. वेगळी खोली, वेगळी भांडी वगैरे काही लागत नाही. घरात दुसऱ्या कोणाला डायबेटिस असेल आणि तोही त्याच मातीत काम करत असेल तर त्याला बूट, हातमोजे, जखम झाकणं हे सांगा, आणि ताप आला तर लवकर दाखवा.

पेशंट कधी अशा भागात गेलाच नाही, तरी शक्य आहे का?

शक्य आहे. 2021 मध्ये अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना हा आजार झाला, कोणीही परदेशी गेलेलं नव्हतं, त्यातले दोघं दगावले. शेवटी जंतू सापडला तो खोलीत मारायच्या एका सुगंधी स्प्रेच्या बाटलीत. पुढच्या वर्षी मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्याजवळच्या माती-पाण्यातही तो सापडला. त्यामुळं नकाशात नाही म्हणून कल्चरचा रिपोर्ट खोटा ठरवायचा नसतो.

कोर्स पूर्ण झाला आणि काही महिन्यांनी परत ताप आला तर?

आधी कल्चर, मग गोळी. जुना रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि आधी किती दिवस कुठलं औषध घेतलं हे सोबत न्या, आणि गोळ्या मधे सुटल्या असतील तर तेही न लपवता सांगा, कारण आजार उलटण्यामागं ते एक मोठं कारण आहे. लॅबला सांगून आधीच्या आणि आताच्या जंतूवर औषधं तशीच चालतायत का ते तपासून घ्या. आणि तापासाठी साध्या डॉक्टरांकडे गेलात तरी पहिलं वाक्य 'मला मेलिऑयडोसिस होऊन गेलाय' हेच असू द्या.